रेघेचा वळसा

१

पट्टीबाई हे नाव त्यांना ऑफिसने दिलं आणि घराने कायम केलं. जन्मभर त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. गिअर, झाकणं, नळ्या, बोल्ट. प्रत्येक वस्तू समोरून, बाजूने, वरून. त्यांची रेघ इतकी सरळ, की लोक म्हणायचे, ही बाई ताटात कोशिंबीरसुद्धा पट्टी लावून वाढत असेल. निवृत्त झाल्यावर लेकीने त्यांना चित्रकलेच्या वर्गात नेऊन बसवलं. म्हणाली, आता आयुष्यात जरा वाकडंतिकडं काहीतरी कर.

वर्गातली शिकवणारी लेकीहूनही लहान. तिने पहिल्याच दिवशी पट्टी काढून घेतली आणि सांगितलं, घरी रोज एक पान. चांगलं होवो, वाईट होवो, रोज. आणि सुरुवात न बघता काढलेल्या रेघेने करायची. म्हणजे डोळे समोरच्या वस्तूवर, पेन कागदावर, आणि कागदाकडे ढुंकूनही बघायचं नाही. डोळे वस्तूच्या कडेकडेने चालत राहतात, हात मागोमाग येतो. पट्टीबाईंना आधी हा शुद्ध वेडेपणा वाटला. मग त्यांना त्याचंच वेड लागलं.

बघता बघता जेवणाचं अर्धं टेबल गेलं. तिथे रंगाच्या बाटल्या आल्या, डिंक आला, जुनी पाकिटं, चिंध्या, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे आले. कारण शिकवणारीचा दुसरा नियम असा, की बिघडलेलं पान फाडायचं नाही. बिघाडावर काहीतरी चिकटवायचं आणि त्यातूनच चित्र पुढे न्यायचं. वायरमन, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणायचे, तू भंगारवाल्याच्या पोटावर पाय देणार एक दिवस. ते जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावून आले होते आणि आता जेवताना ताटाशेजारचा डिंक हळूच बाजूला सारत होते.

वायरमनना मागे हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी दुपारची सक्तीची विश्रांती सांगितली. जेवण झालं की ते खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत आडवे व्हायचे आणि पट्टीबाई टेबलाशी बसून त्यांचीच रेघ काढायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, न हलणारा, न बोलणारा नवरा फक्त दुपारीच मिळतो, तेव्हा काढून घेते. खरं कारण त्या कुणाला सांगत नसत. डोळे समोरून काढायचे नाहीत असा नियम असला की माणसाकडे टक लावून बघायला निमित्त मिळतं. छाती वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. हा माणूस आहे, एवढंच त्यांना रोज दुपारी बघायचं असायचं.

२

एका दुपारी रेघेने वळसा घेतला.

पट्टीबाईंचे डोळे वायरमनच्या खांद्यावरून उतरून खुर्चीच्या हातावर आले होते. तिथून पुढे पडदा, मग खिडकीची चौकट. मधे काही नाही, एक माणूस दाटीवाटीने बसेल एवढी रिकामी जागा. पण कागदावर बघितलं तर रेघ खुर्चीच्या हातापासून पडद्याकडे सरळ गेलीच नव्हती. ती बाहेर वळली होती, वर चढली होती, गोल फिरून खाली आली होती आणि मग पडद्याला लागली होती.

हात घसरला, असं म्हणून त्यांनी स्वतःला माफ केलं. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तिथेच घसरला. तिसऱ्या दिवशीही. आता मात्र त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून त्यांनी डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच होता. हात कापत असेल, म्हणून त्यांनी बरणी काढली, केरसुणी काढली, न्हाणीतली बादली काढली. रेघा वाकड्या आल्या, पण प्रामाणिकपणे वाकड्या आल्या. वळसा कुठेच नव्हता. पुन्हा खुर्चीसमोर बसल्या आणि पेन त्याच जागी आलं, तर हात आपणहून बाहेर वळला. अंधारात चालताना टेबल लागलं की आपण वळतो ना, तसा.

वायरमन झोपेतून उठले आणि त्यांनी पान बघितलं. माझ्या शेजारी हे पोतं कुणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं. पट्टीबाई म्हणाल्या, चित्र आहे ते, तुम्हाला नाही कळायचं. तो विषय तिथेच मिटला, निदान एकाच्या बाजूने तरी.

३

ऑफिसात असताना एखादी वस्तू समजत नसली की त्या तीन बाजूंनी काढायच्या. तीन बाजू जुळल्या की वस्तू मुकाट्याने समोर येते, लपून राहूच शकत नाही. तेच त्यांनी आता केलं. एका दुपारी त्या टेबलाशी बसल्या, दुसऱ्या दुपारी दाराच्या उंबऱ्याशी. मग गुडघ्यांना शिव्या देत स्टुलावर चढल्या आणि वरून बघत रेघ काढली. वायरमन एक डोळा उघडून म्हणाले, पडलीस तर आता दवाखान्यात तुझा नंबर, मी डबा घेऊन येईन. आणि पुन्हा झोपले.

तिन्ही रेघांत वळसा होता. पट्टीबाईंनी पातळ कागद घेतला, अडगळीतून ऑफिसातली जुनी पट्टी काढली आणि तीन बाजू एकमेकींना जोडल्या. काम जुनंच होतं, बोटं आपसूक चालत होती. उंची जुळली. रुंदी जुळली. खोलीतली जागा अगदी तंतोतंत जुळली; खुर्चीच्या हाताला लागून, पडद्याच्या अलीकडे.

पोतं नव्हतं ते. खालचा पसरट भाग म्हणजे मांड्या होत्या. वर पाठ होती, किंचित वाकलेली. सगळ्यात वर जे गोल होतं ते वायरमनच्या बाजूला कललेलं होतं, जवळजवळ त्यांच्या खांद्याला टेकलेलं. काहीही खाली नसताना तिथे कुणीतरी बसलं होतं आणि वायरमनना बिलगून बसलं होतं.

पट्टीबाईंनी पट्टी बाजूला ठेवली. मग त्यांनी स्वतःला दटावलं. अगं, तीन वाकड्या रेघा आहेत या, यांतून काहीही जुळवता येईल. ढगात नाही का उंट दिसत? पण त्यांना त्यांचा धंदा चांगला ठाऊक होता. जन्मभर त्यांनी ज्या वस्तू काढल्या, त्यांतली एकही त्या वेळी अस्तित्वात नसायची. आधी ड्रॉइंग व्हायचं, मग कारखान्यातून वस्तू यायची.

४

आणि इथेच त्यांची चूक झाली. चूकही अशी, की दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

ते पान त्यांना बघवेना. फाडायचं नाही हा नियम, आणि पट्टीबाई नियमाच्या पक्क्या. मग बिघडलेल्या पानाचं जे करतात तेच करायचं ठरलं, वळशावर काहीतरी चिकटवायचं. कपाटाच्या तळाशी वायरमनचा चौकटीचा शर्ट होता. झटका आला त्या दिवशी त्यांच्या अंगावर होता तो. दवाखान्यात घाईघाईत कात्रीने कापून काढला होता आणि नर्सने पिशवीत घालून हातात दिला होता. तो टाकून द्यायचा पट्टीबाईंना धीर झाला नाही, आणि घरात दिसायला नको म्हणून त्यांनी तो तळाला दडपला होता. आज वाटलं, याचं काहीतरी चांगलं होऊ दे. त्यांनी त्याची चिंधी कापली, डिंक लावला, वळशाच्या आकारात नीट बसवली आणि अंगठ्याने कडा दाबल्या. पान खरोखर देखणं झालं. शिकवणारीला फोटो पाठवला, तर तिने दहादा वाहवा केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी न बघता काढलेल्या रेघेत वळसा नुसता गोल राहिला नव्हता. त्याला खांदा फुटला होता. खांद्यावर शिवण होती, गळ्याशी कॉलरचं टोक होतं. ज्याला आकार नव्हता, त्याला पट्टीबाईंनी आपल्या हाताने कपडे घातले होते. तेही त्यांच्याच माणसाचे.

त्याच आठवड्यात वायरमन कुरकुरायला लागले, की खुर्ची अंगाला होत नाही. एका बाजूने दाटल्यासारखं होतंय म्हणाले. जाडा झालो की काय मी? पण त्यांची पँट कमरेवरून उतरत होती आणि पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. खुर्चीत ते हल्ली एका कडेला सरकून झोपायचे, बसमध्ये शेजारच्याला जागा दिल्यासारखे.

मग रेघेने वायरमनच गाळायला सुरुवात केली. आधी गुडघे गेले. डोळे गुडघ्यांवरून चालले होते, पट्टीबाई शपथेवर सांगू शकल्या असत्या, पण कागदावर खुर्चीची कड सरळ पुढे गेली होती, जणू तिच्यावर कुणाचे पायच नव्हते. दुसऱ्या दिवशी पोट गेलं. शेजारचा चौकटीचा शर्ट मात्र रोज भरत चालला होता.

५

त्यांनी ती चिंधी उपटून काढायचं ठरवलं.

भर दुपार होती, खोलीभर ऊन. वायरमन झोपलेले. पट्टीबाईंनी ओल्या बोटाने चिंधीची कड भिजवली आणि हळूच वर उचलली. डिंक चिवट होता, खालचा कागदही थोडा सोबत आला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. वायरमन उठून बसले होते, हात छातीवर, कपाळावर घाम. काय होतंय विचारलं तर म्हणाले, कुणीतरी आतून कातडी ओढतंय.

पट्टीबाईंनी दुसरं काहीही केलं नाही, गोळी शोधली नाही, फोन उचलला नाही. चिंधी पुन्हा पानावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. दाबून धरली आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. हळूहळू वायरमनचा श्वास खाली आला, रंग परतला. गॅस झाला असेल, ते म्हणाले, आणि पाणी मागितलं. पाणी आणायला उठायचं तर अंगठा काढावा लागणार होता. चिंधी सुकेपर्यंत वायरमन तहानलेले राहिले आणि बायकोला काय झालंय ते त्यांना कळेना.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय उत्तम चाललंय म्हणून सांगितलं. लेकीने फोनवर आईलाच झापलं. तूच त्यांना घाबरवतेस, दिवसभर डोळे लावून बसतेस म्हणाली. पट्टीबाईंनी ऐकून घेतलं. पोरीला काय सांगणार? तुझ्या बाबांच्या शेजारी कुणीतरी बसतं आणि त्याला कपडे मी घातलेत, हे सांगणार?

त्या दिवशी भांडी घासता घासता त्या रडल्या. खूप रडल्या. मी जाईन आधी, असं त्यांनी लग्नानंतर कधीतरी चेष्टेत सांगितलं होतं, आणि ते चेष्टेतलं खरं होतं. या माणसाशिवाय दुपार कशी असते हे त्यांना बघायचं नव्हतं.

६

डोळे पुसल्यावर त्यांना ऑफिसातली गोष्ट सुचली. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतात ती. एका जागी दोन वस्तू बसू शकत नाहीत; ड्रॉइंगमध्ये तसं झालं तर एक सरकवायलाच हवी.

जागा त्यांना ठाऊक होती, तीन बाजूंनी मोजलेली होती. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, खुर्चीच्या हाताला लावून ठेवलं आणि वायरमनना उठवून टेबलाशी बसवलं. वही पुढे केली. आज तुम्ही चित्र काढायचं, माझं. वायरमन म्हणाले, वेड लागलंय, मला फ्यूजचीसुद्धा आकृती धड येत नाही. पट्टीबाईंनी त्यांना नियम समजावून सांगितला आणि जाऊन स्टुलावर बसल्या.

बसताना त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, कुणाच्या तरी शेजारी बसायचंच असेल तर माझ्या बस. त्यांना सोड. मग वाटलं, हे मनात ठेवून काय उपयोग. म्हणून हळू आवाजात, ओठ फारसे न हलवता, बोलूनही टाकलं.

वायरमन बघायला लागले. सुरुवातीला हसत हसत, मग नीट निरखून. इतका वेळ त्यांनी बायकोकडे कधी बघितलं नसावं. वायर बघितल्या, बल्ब बघितले, मीटर बघितले. कागदावर पेन खरखरत होतं.

"तुझ्या कानाखाली तीळ आहे," ते म्हणाले.

"लग्नाआधीपासून आहे."

"मला कुठे ठाऊक होता?" ते म्हणाले, आणि नजर तिळावरच ठेवली. त्या दुपारी पट्टीबाईंना ते इतके आवडले, की आपण इथे कशासाठी बसलोय याचा घटकाभर विसर पडला.

मग वायरमनची नजर त्यांच्या कानावरून खांद्यावर आली आणि खांद्यावरून बाजूला गेली. तिथे काही नव्हतं, पण नजर तिथेच चालत राहिली. वर चढली, गोल फिरली, खाली आली. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. पट्टीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही. हलू नकोस."

त्या हललेल्या नव्हत्या. डाव्या खांद्यावर काहीतरी टेकल्यासारखं होत होतं. झोपाळलेल्या माणसाची हनुवटी टेकते तेवढं वजन, आणि तेवढीच ऊब.

पेन थांबलं. वायरमननी वही छातीशी धरली, दाखवेनात. पट्टीबाईंनी जाऊन त्यांच्या हातातून ती सोडवून घेतली. पानावर वेड्यावाकड्या रेघेत त्या होत्या. नाक गालावर, डोळे कपाळात, पण त्याच होत्या. आणि त्यांच्या खांद्यावर आणखी एक डोकं होतं. चेहरा नव्हता त्याला, नुसती कड. त्याचा हात पट्टीबाईंच्या मांडीवर पडलेला होता आणि मनगटापर्यंत, एकाही चौकटीवर पेन न अडखळता, चौकटीचं कापड होतं.

वायरमन म्हणाले, मी मुद्दाम नाही काढलं.

पट्टीबाईंनी त्यांना खुर्चीत बसायला लावलं. पेन हिसकावून घेतलं, पान उलटलं आणि तिथल्या तिथे नवऱ्याची रेघ काढली. डोळे त्यांच्यावर, हात कागदावर. पूर्ण झाल्यावर खाली बघितलं. टक्कल होतं, खांदे होते, पोट होतं, दोन्ही गुडघे होते. खुर्चीच्या हातापासून रेघ सुतासारखी सरळ पडद्याकडे गेली होती. पट्टीबाईंचा जीव भांड्यात पडला. डाव्या खांद्यावरचं वजन तसंच होतं, पण त्याचं आता त्यांना काही वाटेना.

७

वायरमननी सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून, त्याच दिवशी, चहा पिता पिता. वायरी हाताळणारा माणूस, करंट कुठून कुठे गेला हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पट्टीबाईंनी तिन्ही बाजू दाखवल्या, चिंधी दाखवली, स्टुलावर बसताना काय बोलल्या तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. कप खाली ठेवला आणि बराच वेळ बायकोच्या डाव्या खांद्याकडे बघत राहिले.

पुढच्या आठ-दहा दिवसांत वायरमनची तब्येत भरली. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. पट्टीबाईंच्या बांगड्या मात्र मनगटावरून घसरायला लागल्या, आणि पलंगाच्या एका कडेला सरकून झोपायची सवय त्यांना लागली. त्यांनी विषय काढला नाही. सौदा त्यांनीच केला होता आणि त्यांच्या मते तो स्वस्तात पडला होता.

एका दुपारी त्या ओटा पुसून बाहेर आल्या, तर मोठी खुर्ची रिकामी. वायरमन स्टुलावर बसले होते, मोजून ठेवलेल्या त्याच जागी, पाठ ताठ, हात मांडीवर. केस विंचरलेले होते. टेबलावर वही उघडून ठेवली होती आणि पेनचं टोपण काढलेलं होतं.

"उठा तिथून," पट्टीबाई म्हणाल्या.

"नाही."

"मी सांगतेय ना, उठा."

"तू बोललीस तसं मीपण बोललोय त्याच्याशी," वायरमन म्हणाले. "आता तू बस आणि काढ."

पट्टीबाईंना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण त्याच वेळी त्यांचा डावा खांदा हलका झाला. इतका हलका, की आपण किती दिवस वाकून चालत होतो ते त्यांना तेव्हा कळलं. त्या टेबलाशी बसल्या. रडत होत्या, तरी डोळे नवऱ्यावर ठेवले आणि पेन टेकवलं. टक्कल झालं, कान झाला. मान झाली. खांद्याशी आल्यावर त्यांच्या हाताने वळसा घ्यायला सुरुवात केली.

"आलं का?" वायरमननी विचारलं.

"आलं."

"मग आज माझी पाळी. उद्या तुझी, परवा माझी." त्यांनी स्टुलावर थोडं सरकून शेजारी जागा केली, आणि जिथे काहीच नव्हतं तिकडे मान वळवून, घरी आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "बसा निवांत. घाई करू नका, आम्ही दोघं आहोत."